तवंग : एका नित्यपरिचित घटनेचा वैज्ञानिक इतिहास

सारांश : पाण्यावर पसरणारा तेलाचा तवंग ही सर्वांच्या नित्य पाहण्यातील घटना होय. प्रस्तुत लेखात या घटनेच्या अभ्यासाचा, बेंजामिन फ्रँकलिन यांच्या निरीक्षणापासून अकाली जन्मलेल्या अर्भकांवरील उपचारांपर्यंतचा, इतिहास मांडला आहे. या इतिहासात आग्नेस पॉकेल्स या विद्यापीठाबाहेरील संशोधक स्त्रीचे स्थान कोणते, तिच्याविषयी रूढ झालेली ‘स्वयंपाकघरातील शोधा’ची आख्यायिका कितपत स्वीकारार्ह आहे, आणि संशोधन घडणे व ते प्रकाशात येणे यांमधील अंतर कशामुळे निर्माण होते, या प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

बीजशब्द : पृष्ठताण, एकरेणवीय थर, आग्नेस पॉकेल्स, लॉर्ड रेली, विज्ञानाचा इतिहास, स्त्रिया आणि विज्ञान

प्रस्तावना

रश्श्यावर जमणारी तर्री, पहिल्या पावसात डांबरी रस्त्यावर उमटणारे तेलाचे सप्तरंगी पट्टे, खरकटी भांडी घासताना पाण्यावर येणारा ओशट तवंग आणि स्वच्छ पाण्यावर सोडलेल्या कापराच्या खड्याचे आपोआप गरगर फिरणे, या घटना भिन्न वाटल्या तरी त्या सर्वांत पाण्याच्या पृष्ठभागाचे गुणधर्म गुंतलेले आहेत. द्रवाच्या पृष्ठभागावरील रेणूंना आतील रेणू आपल्याकडे ओढत असतात. त्यामुळे पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्याप्रमाणे वागतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. तेल, साबण, कापूर यांच्या अत्यल्प अंशानेही हा ताण कमी होतो. कापराचा खडा पाण्यात सर्व बाजूंनी सारखा विरघळत नाही. ज्या बाजूला तो अधिक विरघळतो तेथील ताण घटतो आणि खडा अधिक ताणाच्या बाजूकडे ओढला जातो.

एवढे स्पष्टीकरण आज पाठ्यपुस्तकात सापडते. परंतु जी घटना हजारो वर्षे कोट्यवधी लोकांनी पाहिली, तिचे मोजमाप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत का झाले नाही, आणि ज्या व्यक्तीने ते प्रथम पद्धतशीरपणे केले तिला आपले काम प्रसिद्ध करण्यासाठी नऊ-दहा वर्षे का थांबावे लागले, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. त्यांची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. खलाशांचे ज्ञान आणि फ्रँकलिन यांची जिज्ञासा

तेलाने खवळलेले पाणी शांत होते, ही गोष्ट प्राचीन काळापासून ज्ञात होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक थोरला प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात तिची नोंद केली असून, पाणबुडे तोंडातून तेल सोडतात असेही तो सांगतो. खलाशी आणि कोळी यांच्या व्यवहारात हे ज्ञान टिकून राहिले. मात्र विद्वानांच्या चर्चेत त्याला फारसे स्थान मिळाले नाही.

इ. स. १७५७ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन हे लुईबूर्गच्या मोहिमेवर निघालेल्या ९६ जहाजांच्या ताफ्यातून प्रवास करीत होते. त्यातील दोन जहाजांच्या मागील पाणी विलक्षण गुळगुळीत असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी कप्तानाला कारण विचारले. जहाजावरील आचाऱ्यांनी तेलकट पाणी बाहेर ओतले असेल, असे त्याने सांगितले. आणि जे सर्वांना ठाऊक आहे ते या गृहस्थाला ठाऊक नाही याबद्दलचा तुच्छताभाव त्याच्या स्वरात होता, असे फ्रँकलिन यांनी नमूद केले आहे. हा प्रसंग लक्षणीय आहे. कप्तानाजवळ माहिती होती, पण तिच्याविषयी प्रश्न नव्हता. फ्रँकलिन यांच्याजवळ माहिती नव्हती, परंतु कुतूहल होते.

पुढे इंग्लंडमधील वास्तव्यात त्यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर प्रयोग केला. अवघे चमचाभर तेल पाण्यावर पसरत पसरत सुमारे अर्धा एकर क्षेत्र आरशासारखे नितळ करून गेले. त्यानंतर हातातील वेळूच्या काठीच्या पोकळ पेरात थोडे तेल ठेवून ते फिरत आणि जेथे पाणी दिसेल तेथे प्रयोग करून पाहत. ऑक्टोबर १७७३ मध्ये पोर्ट्समथ येथील समुद्रकिनाऱ्यावर केलेल्या मोठ्या प्रयोगाला अपेक्षित यश आले नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदविले. हा सर्व वृत्तान्त इ. स. १७७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

तेलकट पृष्ठभागावर वाऱ्याची पकड बसत नाही, असा फ्रँकलिन यांचा तर्क होता. पुढे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी इ. स. १८८० मध्ये निराळे स्पष्टीकरण दिले. लाटेमुळे तवंग काही ठिकाणी ताणला जातो तर काही ठिकाणी दाटतो. त्यामुळे पृष्ठताणात जागोजागी फरक पडतो आणि तो पृष्ठभागाच्या हालचालीला विरोध करतो. परिणामी बारीक लाटा लवकर विरतात. तथापि, तळ्यावरील प्रयोगात याहूनही मोठी एक गोष्ट दडलेली होती. चमचा ५ मिलिलिटरचा धरला आणि अर्धा एकर म्हणजे सुमारे २००० चौरस मीटर मानले, तर साध्या भागाकाराने तवंगाची जाडी सुमारे २.५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे चार लाखांवा भाग, इतकी येते. ही जवळजवळ एका रेणूची लांबी आहे. फ्रँकलिन यांनी हा भागाकार केला नाही. रेणूच्या आकाराचा प्रश्नच त्या काळी त्या स्वरूपात उभा राहिलेला नव्हता; त्यामुळे त्याचे उत्तर हाती येऊनही ओळखले गेले नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. रस्त्यावरील तेलाचे जे सप्तरंगी पट्टे डोळ्यांना दिसतात, त्या थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास, म्हणजे शेकडो नॅनोमीटर असते. दोन-अडीच नॅनोमीटर जाडीच्या थराला रंग नसतो. तो केवळ पृष्ठभागाच्या वागण्यातून कळतो. म्हणूनच या विषयात निरीक्षणशक्ती कितीही तीक्ष्ण असली तरी मोजमापाच्या साधनावाचून पुढे जाणे शक्य नव्हते.

२. ब्राउनश्वाइग येथील पन्हळ

हे साधन आग्नेस पॉकेल्स यांनी निर्माण केले. त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी व्हेनिस येथे झाला. हे शहर त्या वेळी ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते आणि त्यांचे वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. हिवतापामुळे वडिलांची प्रकृती ढासळल्याने इ. स. १८७१ मध्ये हे कुटुंब जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे स्थायिक झाले. आग्नेस यांचे शिक्षण तेथील मुलींच्या शाळेत झाले. भौतिकशास्त्राची त्यांना मनापासून ओढ होती. परंतु त्या काळी जर्मन विद्यापीठांत स्त्रियांना विद्यार्थी म्हणून रीतसर प्रवेश नव्हता. तो राज्यनिहाय इ. स. १९०० पासून मिळत गेला आणि प्रशियात इ. स. १९०८ मध्ये मिळाला. पुढे ही वाट किलकिली झाली तेव्हाही आईवडिलांच्या इच्छेमुळे आपणास नियमित शिक्षण घेता आले नाही, असे त्यांनी नमूद केले आहे. घर सांभाळणे आणि आजारी आईवडिलांची शुश्रूषा करणे ही त्यांची आयुष्यभराची जबाबदारी राहिली. धाकटे बंधू फ्रीडरिश हे ग्योटिंगेन येथे भौतिकशास्त्र शिकू लागल्यावर त्यांच्यामार्फत आग्नेस यांना शास्त्रीय ग्रंथ मिळू लागले.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी पाण्याच्या पृष्ठभागाचे निरीक्षण सुरू केले आणि इ. स. १८८२ पर्यंत आपले उपकरण सिद्ध केले. ते अत्यंत साधे होते : ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर उंच अशी पत्र्याची पन्हळ, ती काठोकाठ पाण्याने भरलेली, आणि पाण्याला टेकेल अशी आडवी ठेवलेली सुमारे दीड सेंटिमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी. पट्टी पुढे-मागे सरकवली की तिच्या एका बाजूचे पृष्ठक्षेत्र कमी आणि दुसऱ्या बाजूचे अधिक होते. पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवलेली ६ मिलिमीटर व्यासाची एक चकती हलक्या तराजूने वर उचलावयाची आणि ती सुटण्यास किती बल लागते ते मोजावयाचे, ही पृष्ठताण मोजण्याची रीत होती.

या उपकरणाचे महत्त्व त्याच्या साधेपणाहून अधिक त्यामागील कल्पनेत आहे. तवंग दाट किंवा विरळ करावयाचा तर तेल वाढवावे किंवा कमी करावे लागे, आणि इतक्या सूक्ष्म प्रमाणात ते अचूकपणे करणे दुष्कर होते. पॉकेल्स यांनी तेलाचे प्रमाण तेवढेच ठेवून क्षेत्रफळ बदलले. शिवाय त्याच पट्टीने पृष्ठभागावरील मळ एका बाजूला सारून स्वच्छ पाणी मिळविता येऊ लागले. पृष्ठभाग खऱ्या अर्थाने स्वच्छ असल्याखेरीज कोणतेही मोजमाप विश्वसनीय नसते, हा दंडक त्यांनी घालून दिला.

त्यांना आढळलेला मुख्य नियम असा : तवंगाचे क्षेत्र मोठे असते तोवर पृष्ठताण जवळजवळ स्वच्छ पाण्याइतकाच राहतो. क्षेत्र कमी करीत गेल्यास एका निश्चित मर्यादेपर्यंत काहीच फरक पडत नाही. ती मर्यादा ओलांडताच मात्र ताण झपाट्याने उतरू लागतो. मैदानात विखुरलेली माणसे जवळ आणली तर प्रथम कोणाचा कोणाला धक्का लागत नाही. खांद्याला खांदा भिडला की मात्र रेटा जाणवू लागतो, तसाच हा प्रकार होय. रेणूंच्या भाषेतील हे स्पष्टीकरण पुढे आले. परंतु ज्या मोजमापावर ते उभे आहे ते पॉकेल्स यांचे होते. या मर्यादेस आज ‘पॉकेल्स बिंदू’ म्हणतात. मेदाम्लांच्या बाबतीत तेथे प्रत्येक रेणूच्या वाट्याला सुमारे ०.२ चौरस नॅनोमीटर एवढी जागा येते.

३. पत्र आणि त्याची प्रसिद्धी

दरम्यान इंग्लंडमध्ये लॉर्ड रेली याच विषयाकडे वळले होते. कापराच्या खड्याचे फिरणे थांबविण्यास किती तेल पुरेसे होते, हे त्यांनी इ. स. १८९० मध्ये ८४ सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात मोजले. एक मिलिग्रॅमहूनही कमी ऑलिव्ह तेल त्यासाठी पुरले आणि थराची जाडी सुमारे १.६ नॅनोमीटर ठरली. फ्रँकलिन यांनी न केलेला भागाकार अशा रीतीने ११६ वर्षांनी झाला.

रेली यांच्या संशोधनाची वार्ता कळल्यावर पॉकेल्स यांनी १० जानेवारी १८९१ रोजी त्यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. काही कारणांमुळे आपण ही निरीक्षणे शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध करू शकत नाही, म्हणून त्यांतील महत्त्वाची आपणास कळवीत आहोत, असा त्या पत्राचा विनम्र प्रारंभ आहे. त्यानंतर येते ते उपकरणाचे वर्णन, मोजमापे आणि निष्कर्ष. रेली यांच्या पत्नीने पत्राचा इंग्रजी अनुवाद केला. तो रेली यांनी २ मार्च रोजी ‘नेचर’कडे पाठविला आणि १२ मार्च १८९१ च्या अंकात तो ‘पृष्ठताण’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली प्रसिद्ध झाला. घरगुती साधनांनी या स्त्रीने मौलिक निष्कर्ष काढले आहेत, आणि पत्राचा पहिला भाग आपल्या अलीकडील कामाच्याच क्षेत्रातील असून त्याच्याशी जुळणारा आहे, अशी स्वच्छ कबुली त्यांनी सोबतच्या टिपणात दिली.

रेली त्या वेळी रॉयल सोसायटीचे सचिव होते. एका अपरिचित, पदवीहीन, परदेशी स्त्रीचे पत्र त्यांनी बाजूला ठेवले असते तर त्यांना कोणी जाब विचारला नसता. त्यांचे औदार्य निःसंशय थोर होते. परंतु त्याच कारणाने एक अस्वस्थ करणारा प्रश्न उरतो. इ. स. १८८२ मध्ये सिद्ध झालेले उपकरण इ. स. १८९१ मध्ये जगासमोर आले, ते एका व्यक्तीच्या सद्भावनेमुळे. कोणत्याही संस्थेच्या नियमामुळे नव्हे. ‘नेचर’मध्ये प्रत्येक लेख समीक्षकांकडून तपासून घेण्याची आजच्यासारखी पद्धत इ. स. १९७३ मध्ये नियमित झाली. एकोणिसाव्या शतकात प्रतिष्ठित व्यक्तीची शिफारस हेच लेखाचे प्रमाणपत्र असे. ज्याच्याजवळ अशी शिफारस नाही त्याचे संशोधन प्रसिद्धीच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते.

४. आख्यायिकेची चिकित्सा

भांडी घासताना तेलकट पाण्याकडे पाहून एका गृहिणीला मोठा शोध लागला, अशा स्वरूपात पॉकेल्स यांची कथा आज सांगितली जाते. तिचे मूळ कुटुंबीयांच्या आठवणींत आहे. लक्षावधी स्त्रिया जे तेलकट पाणी त्रासून ओतून देतात, त्यातच या मुलीला निरीक्षणाची प्रेरणा मिळाली, असे त्यांच्या भावजयीने लिहून ठेवले आहे. ही आठवण अविश्वसनीय मानण्याचे कारण नाही. परंतु तिचा जो अर्थ रूढ झाला आहे तो दोन कारणांनी अपुरा ठरतो.

पहिले कारण असे की, भांड्यातील तवंग हा प्रश्नाचा प्रारंभ होता, उत्तर नव्हे. उत्तर मिळविण्यासाठी पन्हळ बनवावी लागली, तराजू सिद्ध करावा लागला आणि वर्षानुवर्षे मोजमापे घ्यावी लागली. पाण्यात न विरघळणारे पदार्थ बेंझीनमध्ये विरघळवून त्याचे थेंब पृष्ठभागावर सोडण्याची आणि बेंझीन उडून गेल्यावर ठरावीक वजनाचा थर मिळविण्याची युक्तीही त्यांनीच योजली. हे सर्व ‘योगायोगा’त बसत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. या कथेत स्वयंपाकघर हे संशोधनाचे रम्य स्थळ बनते आणि संशोधक तेथे का होती हा प्रश्न झाकला जातो. फ्रीडरिश पॉकेल्स यांना विद्यापीठ मिळाले. विद्युत्क्षेत्रामुळे स्फटिकातील प्रकाशाच्या गतीत होणाऱ्या बदलाचा त्यांनी अभ्यास केला आणि तो परिणाम आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. एकाच घरातील दोन जिज्ञासू भावंडांपैकी एकाला प्रयोगशाळा आणि दुसरीला पत्र्याची पन्हळ मिळाली, ही वाटणी बुद्धीच्या कसोटीवर झालेली नव्हती.

५. पन्हळीचा पुढील प्रवास

इ. स. १८९९ मध्ये रेली यांनी पॉकेल्स यांची पद्धत वापरून, ताण उतरू लागतो त्या क्षणी पृष्ठभागावर रेणूंचा एकच थर असतो, असे अनुमान मांडले. इ. स. १९१७ मध्ये अमेरिकेतील अर्व्हिंग लँगम्यूर यांनी उपकरणात सुधारणा करून तवंगाचा दाब थेट मोजला आणि मेदाम्लांचे रेणू पाण्यात डोके व हवेत शेपूट अशा रीतीने उभे राहतात, हे दाखविले. पृष्ठरसायनातील कार्याबद्दल त्यांना इ. स. १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी, सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने पॉकेल्स यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी कल्पिलेली पन्हळ मात्र प्रयोगशाळांत बहुधा लँगम्यूर यांच्या नावाने ओळखली जाते. लँगम्यूर यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी हे थर काचेवर एकावर एक चढविण्याची पद्धत विकसित केली आणि इ. स. १९३८ मध्ये प्रकाश परावर्तित न करणारी काच तयार केली.

जीवशास्त्रातील परिणाम याहून दूरगामी ठरले. इ. स. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद काढून तो अशाच पन्हळीत पसरविला. त्याने व्यापलेले क्षेत्र पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. त्यावरून पेशीच्या आवरणात मेदरेणूंचे दोन थर असतात, ही आज सर्वमान्य असलेली कल्पना पुढे आली.

इ. स. १९५७ मध्ये जॉन क्लेमेंट्स यांनी फुप्फुसातील द्रव्य पन्हळीत पसरवून त्याचे क्षेत्र कमी-अधिक केले. क्षेत्र आकुंचित होताच पृष्ठताण अतिशय खाली उतरतो, असे त्यांना आढळले. श्वास सोडताना फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोश लहान होतात. त्यांच्या ओलसर पृष्ठभागावरील ताण तसाच राहिला तर ते मिटून जातील. हे द्रव्य ताण उतरवून त्यांना उघडे ठेवते. मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी इ. स. १९५९ मध्ये दाखवून दिले की, अकाली जन्मलेली जी अर्भके श्वसनाच्या त्रासाने दगावत, त्यांच्या फुप्फुसांत या द्रव्याची कमतरता होती. इ. स. १९८० मध्ये जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दहा अर्भकांच्या श्वासमार्गात हे द्रव्य सोडून केलेल्या उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढे ही उपचारपद्धती जगभर रूढ झाली. क्षेत्र कमी केले की ताण उतरतो, हा पन्हळीतील नियमच येथे श्वास टिकवून धरतो.

महाराष्ट्रातही या विषयाचा एक धागा आढळतो. जलाशयावर दीर्घ साखळीच्या अल्कोहोलचा एकरेणवीय थर पसरून बाष्पीभवन रोखावे, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रेलियासारख्या कोरड्या प्रदेशांत पुढे आली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी इ. स. १९६० नंतरच्या दशकात अशा अल्कोहोलांच्या व अल्कॉक्सी इथेनॉलांच्या थरांचा, विशेषतः ते किती वेगाने पसरतात याचा, अभ्यास केला. वाऱ्याने थर विस्कटतो, ही या उपायाची मोठी अडचण राहिली आहे.

समारोप

तवंगाच्या इतिहासात ज्ञानाच्या तीन अवस्था स्पष्ट दिसतात. कप्तानाजवळ अनुभव होता, फ्रँकलिन यांनी त्याला प्रश्नाचे रूप दिले आणि पॉकेल्स यांनी त्या प्रश्नाला मापन दिले. पाहणाऱ्यांची संख्या या प्रवासात कधीच कमी पडली नाही. उणीव होती ती प्रश्न विचारण्याच्या सवयीची आणि प्रश्न विचारणाऱ्यास मिळणाऱ्या अवकाशाची.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने या इतिहासातून दोन गोष्टी हाती येतात. एक म्हणजे पत्र्याचा तुकडा, पाणी आणि तेलाचा थेंब एवढ्या सामग्रीवर रेणूच्या आकाराचा अंदाज करता येतो. उपकरणांच्या अभावाची सबब येथे पूर्णपणे लागू पडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे संस्थेचे नाव आणि पदवी यांवरून संशोधनाची पारख करणाऱ्या व्यवस्थेची मर्यादा. आजची समीक्षणपद्धती शिफारशीच्या जुन्या पद्धतीहून न्याय्य आहे. परंतु समीक्षकापर्यंत पोहोचण्याची वाट सर्वांना सारखी खुली आहे काय, हा प्रश्न तिनेही स्वतःला विचारीत राहिले पाहिजे. ब्राउनश्वाइगमधील पन्हळ इ. स. १८८२ मध्ये जितकी अचूक होती तितकीच ती इ. स. १८९१ मध्येही होती. मधल्या नऊ वर्षांत उणीव राहिली ती वाचणाऱ्याची.